जाळ्याचा सोमवार

सर चहात साखर घेत नसत, त्याचं कारण डायबेटिस नव्हतं. कॉलेजच्या कँटीनवाल्याचा मात्र तसा पक्का समज होता आणि तो बिचारा त्यांना कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड असले उपाय सांगत राही. शेवटी एकदा सरांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाले, "अरे, डायबेटिस नाही. घटनादुरुस्ती." मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला, त्या दिवसापासून त्यांनी साखर सोडली होती. हक्क परत आला की दोन चमचे घालून घेणार होते. कँटीनवाल्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जांभळाच्या बियांची पुडी आणली.

माझी आणि सरांची ओळख दोन बाजूंनी. अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या अलीकडे आमची सोसायटी, आणि ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेले. पुढे मी सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं, तर मालमत्तेचा कायदा शिकवायला समोर तेच. त्यामुळे जिन्यात भेटले तरी मला उगाचच गृहपाठ राहिल्यासारखं वाटे.

माणूस विद्वान होता, यात वाद नाही. सुवर्णपदक होतं, परदेशातल्या मासिकांत लेख छापून आलेले होते, बरोबरचे दोघे न्यायाधीश होऊन बसले होते. सर जिथल्या तिथे राहिले, आणि त्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच चोख केलेली होती. एकदा दिल्लीत जमिनीविषयीच्या कसल्याशा समितीवर त्यांना बोलावलं, तर समितीच्या अहवालापेक्षा सरांचं मतभेदाचं टिपण जाड झालं. पुन्हा कुणी बोलावलं नाही. प्राचार्यपदाची मुलाखत होती तेव्हा अध्यक्षांनी सहज विचारलं, संस्थेसाठी पहिलं काम काय कराल? सर म्हणाले, आपला सायकल स्टँड शेजारच्याच्या जमिनीत सात फूट आत गेला आहे, तो आधी मागे घेईन. प्राचार्य दुसराच कुणीतरी झाला आणि सायकल स्टँड अजून तिथेच आहे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. ते म्हणत, "नाही म्हणायला माणसाला स्वतःची चार फूट जागा लागते. ती नसली तर त्याच्या हो म्हणण्याला काही अर्थ नाही." स्वातंत्र्य म्हणजे भाषण, मिरवणूक, वर्तमानपत्र हे सगळं नंतरचं, आधी उंबरा. हे ते नुसतं शिकवत नसत, तसं वागत. वर्गाच्या दारात उभे राहून रोज विचारायचे, "येऊ का?" आम्ही "या सर" म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकत नसत. एकदा मागच्या बाकावरच्या एका वात्रटाने "नको" म्हटलं. सर शांतपणे वळले आणि तासभर स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसले. कुणीतरी बोलवायला गेलं तर म्हणाले, वर्ग त्यांचा आहे, नाही म्हणायचा त्यांना अधिकार आहे. त्या दिवशी राहिलेल्या भागावर परीक्षेत मोठा प्रश्न आला, तोही त्यांच्या अधिकारातच.

घरी हाच प्रकार. स्वयंपाकघरात जायचं तर दारावर टकटक. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आईला सांगायच्या, लग्नाला इतकी वर्षं झाली पण अजून आमच्याकडे पाहुणा आल्यासारखं वाटतं, आणि पाहुणा काही जात नाही.

आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. कायद्याच्या पुस्तकातला जो मजकूर त्यांना पटत नसे, त्यावर ते खळ लावून पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवत. त्यांची पुस्तकं मलमपट्टी केलेल्या माणसासारखी दिसत. कुणी विचारलं तर म्हणत, संसदेला चुकायचं स्वातंत्र्य आहे आणि मला ते न वाचायचं. गंमत अशी की ते वर्गात याच पुस्तकांवरून नोट्स सांगत, आणि पिढ्यान्पिढ्या मुलं त्या नोट्स पाठ करून पास होत. अंधेरीतले निम्मे वकील सरांचे विद्यार्थी होते, म्हणजे निम्म्या वकिलांना पट्टीखालचा कायदा ठाऊक नव्हता.

आता मावशी. सोसायटीच्या मागे एक मोकळी जागा होती, तिच्यापलीकडे बस स्टॉप. जागा एका कोळीण बाईंची, त्यांना सगळे मावशी म्हणत. एका कोपऱ्यात त्यांचं कौलारू घर, बाकी जागेत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. सोसायटीतल्या लोकांना बोंबलाचा वास सहन होत नसे आणि मावशींच्या जागेतून जाणारी वाट सोडवत नसे. रस्त्याने बस स्टॉपला जायला वीस मिनिटं, वाटेने पाच. नाकाला रुमाल लावून सगळी सोसायटी रोज त्या वाटेने जात होती, इमारत उभी राहिली तेव्हापासून.

सर राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्या जागेच्या कडेला थांबले आणि त्यांनी मावशींना विचारलं, "बाई, जाऊ का?" मावशी जाळं शिवत होत्या. असं त्यांना आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. मावशी आधी सरांकडे, मग त्यांच्या मागे कुणी आहे का तिकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "जा रं बाबा, जा." त्यानंतर हे रोज. मावशी जागेवर नसल्या तर सर वळून रस्त्याने वीस मिनिटं चालत जात, हातात छत्री, काखेत पट्ट्यांची पुस्तकं.

सोसायटीला करमणूक मिळाली. सगळ्यांत जास्त माझ्या बाबांना. बाबा मूळचे मालवणचे, मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि नक्कल करण्यात पटाईत. सरांसारखी छत्री टेकवून ते वाटेवर उभे राहायचे आणि ओरडायचे, "मावशे, जाव काय गो?" मावशी मान वर न करता म्हणायच्या, "जा रं, जा." बाबांचं बघून आख्खी सोसायटी हे करायला लागली. शाळेतली पोरं, नोकरीवर जाणाऱ्या बायका, जोशी-देसाई-शहा सगळे. दोनेक वर्षांत ती मस्करी आहे हेही लोक विसरले, देवळासमोरून जाताना हात छातीकडे जावा तसं तोंडातून आपोआप येऊ लागलं.

सरांना मात्र काळजी लागली होती. त्यांनी एकदा मावशींना बसवून सांगितलं की परक्याच्या जमिनीवरून वीस वर्षं कुणी उघडपणे, हक्काने, खंड न पडता ये-जा केली, तर त्याला वहिवाटीचा हक्क मिळतो. मग मालकालाही ती वाट बंद करता येत नाही. मावशी घाबरल्या. नुसतं चालून चालून जमीन लोकांची होते, हा कुठला कायदा, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, कायदा आहे, पण उपाय आहे. वर्षातून एक दिवस वाट बंद करायची, म्हणजे खंड पडतो. इंग्लंडात जमीनदार असंच करतात. मावशींनी नारळी पौर्णिमेचा दिवस सुचवला. सरांनी तो नाकारला, कारण सुट्टीच्या दिवशी अडवलं तर अडवलेलं कळणार कुणाला? म्हणून पौर्णिमेनंतरचा सोमवार ठरला.

त्या सोमवारी सकाळी वाटेवर आडवं जुनं जाळं बांधलेलं आणि त्यापुढे सर छत्री घेऊन उभे. येणाऱ्या प्रत्येकाला ते नम्रपणे सांगत होते की आज बंद आहे, उद्या या. सोसायटीत एकच गोंधळ उडाला. माझी बस चुकली, शेजारच्या काकांचा डबा सांडला, आणि बाबांना कारखान्यात लेट मार्क पडला. बाबा ते कधी विसरले नाहीत. पुढे दरवर्षी जाळ्याचा सोमवार आला की आमच्या घरी आदल्या दिवसापासून बाबा धुसफुसत. सात वर्षं हे चाललं. सगळ्यांना लांबून पाठवून झालं की सर स्वतःही लांबूनच कॉलेजला येत आणि त्या दिवशी वर्गात उशिरा आल्याबद्दल आमची माफी मागत.

मग बाबा सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पावसाळ्यात वाटेवर चिखल होतो म्हणून एका रविवारी त्यांनी मावशींच्या जागेत सरळ फरशा बसवून घेतल्या आणि दिव्याचा खांब रोवला. विचारलं नाही कुणाला. मावशींनी सोमवारी एकेक फरशी उचकटून सोसायटीच्या गेटाशी नीट रचून ठेवली आणि वाटेवर तारेचं कुंपण घातलं. कायमचं. खांबावर त्यांनी बोंबील वाळत घातले.

सोसायटीची सभा भरली. वीस वर्षं होऊन गेली होती, वहिवाट आमची, दावा लावायचा असं ठरलं. विरोधात एकच हात वर झाला, सरांचा. ते म्हणाले, वाट आपल्या सोयीची आहे, आपली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, यार, हे आपल्यातच राहतात ना? त्या दिवसापासून बरेच लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. सर पूर्वीसारखेच सगळ्यांना नमस्कार करत राहिले.

वकील कोण? नुकतीच सनद मिळालेली सेक्रेटरीची मुलगी. मी. फी लागणार नव्हती, हा माझा मुख्य गुण. मी मावशींना नोटीस पाठवली. इंग्रजी असल्यामुळे मावशी ती घेऊन सरांकडे गेल्या. चार दिवसांनी नोटिशीची एक प्रत माझ्या दाराखालून आत आली, लाल पेन्सिलीने तपासलेली. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले होते आणि खाली दहापैकी सात मार्क दिले होते. मला संताप आला. खरं सांगायचं तर त्यानंतर मला तो दावा जिंकायचाच होता. मावशींची जमीन वगैरे विचार माझ्या डोक्यात नव्हता. मला उरलेले तीन मार्क हवे होते.

त्याच हट्टाने मी अभ्यास केला. माझ्याकडे सरांच्या नोट्स होत्या, पण कायद्याचं पुस्तक मी फोर्टातल्या फुटपाथवरून जुनं घेतलेलं, दुसऱ्याच कॉलेजच्या कुणा मुलाचं. त्यात वहिवाटीच्या कलमाखाली एक स्पष्टीकरण होतं, जे आम्हाला कधी कुणी शिकवलं नव्हतं. वाट अडवली आणि ती अडवणूक लोकांनी वर्षभर निमूट सोसली, तरच खंड पडला असं धरायचं. एक दिवसाची अडवणूक हा खंडच नव्हे. इंग्लंडातल्या जमीनदारांचं काही असो, आपल्याकडे सातही सोमवार फुकट गेले होते. मला कळेना की सरांना हे माहीत कसं नाही. मग आठवलं. त्यांच्या पुस्तकात त्या जागी पट्टी होती.

तारखा पडत पडत दोन वर्षांनी साक्षी सुरू झाल्या. आधी बाबांची. कोट घालून गेले होते. मावशींचा वकील सरांचाच जुना विद्यार्थी, थकलेला माणूस. त्याने उलटतपासणीत काही विचारायचं म्हणून विचारलं, मावशींनी इतक्या वर्षांत कधी अडवलं का, कधी भांडण झालं का? बाबा खुलले. म्हणाले, छे, भांडण कसलं, आमचं तर हसतखेळत चालायचं. आम्ही रोज विचारायचो, मावशी जाऊ का, आणि ती म्हणायची जा. न्यायाधीशांनी विचारलं, रोज? बाबा म्हणाले, रोज, सगळेच विचारायचे साहेब, आणि त्यांनी सरांची छत्रीसकट नक्कल करून दाखवली. कोर्टात हशा झाला. न्यायाधीश टंकलेखकाला सांगत होते आणि तो टाइप करत होता. मीही हसले. बाबा खाली उतरले ते पदक मिळाल्यासारखे.

पुढच्या तारखेला सर मावशींच्या बाजूने साक्षीला आले. पिंजऱ्यात चढण्याआधी त्यांनी न्यायाधीशांना विचारलं, येऊ का? मग जाळ्याच्या सात सोमवारांची हकिकत त्यांनी एखादा धडा शिकवावा तशी सांगितली. मग उलटतपासणीला माझी पाळी आली. मी विचारलं, एका दिवसाने खंड पडतो असं कलमात कुठे आहे? त्यांनी मला कलम पाठ म्हणून दाखवलं. मी विचारलं, त्याखाली काही स्पष्टीकरण आहे का?

"नाही," सर म्हणाले.

मी माझं पुस्तक त्यांच्याकडे दिलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"आहे," ते म्हणाले. "माझ्या प्रतीत मी त्यावर कागद चिकटवला होता."

न्यायाधीशांनी विचारलं, का?

"मला ते पटलं नव्हतं. अजूनही पटत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण कायदा हाच आहे. विद्वान वकिलांचं बरोबर आहे."

या वेळी मला हसू आलं नाही. आयुष्यभर एक माणूस एकच विषय शिकवतो आणि भर कोर्टात त्याची विद्यार्थिनी त्याला त्याच विषयात नापास करते, हे मी केलं होतं. बाहेर व्हरांड्यात सर माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "दहापैकी दहा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी मी आमच्या गॅलरीतून पाहिलं. सर कुंपणापाशी उभे होते. मावशींनी त्यांना आत घेतलं, ते मांडवाखाली उकिडवे बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. काय बोलले ते मावशींनी मला पुढे कधीतरी सांगितलं. माझ्या शहाणपणामुळे तुमची जागा जाणार, असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले होते. मावशी त्यांना म्हणाल्या होत्या, "एक मासा सुटला म्हणून जालं फेकतं काय कोन? रडू नको. मना कोन विचारत तरी होतं काय तुज्याआधी?"

निकालाच्या दिवशी सोसायटीची निम्मी कमिटी फोर्टातल्या कोर्टात हजर होती. पेढे बाबांच्या पिशवीत होते. न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. जाळं बांधल्याने खंड पडत नाही, हे माझं म्हणणं त्यांनी मान्य केलं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग न्यायाधीश पुढे वाचू लागले. वहिवाटीचा हक्क मिळायला माणूस हक्काने चालत असला पाहिजे, मालकाच्या परवानगीने नव्हे. परवानगीने शंभर वर्षं चाललं तरी हक्क लागत नाही. आणि इथे वादी सोसायटीच्या सेक्रेटरींनीच शपथेवर सांगितलं आहे की सोसायटीतले सगळे लोक रोज परवानगी मागत होते आणि मालकीण ती रोज देत होती; हे विचारणं सुरू होण्याआधीची वर्षं वीस भरत नाहीत. दावा फेटाळण्यात येतो.

बाबा पेढ्यांची पिशवी धरून तसेच उभे. मग हळूच मला विचारलं, "म्हणजे ह्यां माझ्यामुळे झालां?" मी हो म्हटलं. परतीच्या वाटेवर त्यांनी पिशवीची गाठ सोडली नाही. सोसायटीच्या गेटात सर आणि काकू भेटले तेव्हा मात्र बाबांनी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, घ्या, तुमचेच आहेत. सरांनी पेढा घेतला. पेढ्यात साखर असते हे काकूंनी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तोवर तो पोटात गेला होता. निकाल ऐकल्यावर सर मला म्हणाले, सात वर्षं मी जाळं बांधत राहिलो आणि जागा वाचली ती तुझ्या बाबांच्या मस्करीने. त्यांना याचं फार वाईट वाटलं असावं, पण बाबांशी त्यांची दोस्ती त्या दिवशी सुरू झाली ती कायमची.

दीडेक वर्षाने मावशी माझ्याकडे आल्या. त्यांना जागा विकायची होती. पोरं समुद्रावर जात नव्हती, त्यांचेही गुडघे गेले होते, गावात बहिणीजवळ बरं घर घ्यायचं मनात होतं आणि एका बिल्डरने चांगला भाव दिला होता. कागद तू कर, म्हणाल्या. कोर्टात सरांना गप केलंस तेव्हाच ठरवलं होतं.

मला धक्काच बसला. म्हणजे एवढं सगळं बिल्डरसाठी? सोसायटीत तर वणवा पेटला. आता वाटही गेली, बोंबीलही गेले आणि मागे सात मजले उभे राहणार, काय मिळवलं सरांनी? मी तणतणत वर गेले. सर टेबलाशी बसले होते. टेबल खिडकीत, आणि खिडकीतून मांडव, कौलं आणि त्यापलीकडे खाडीची एक बारीक रेघ दिसत होती. सात मजले उठले की तिथे भिंत येणार होती. काकू म्हणाल्या, दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल यांना.

मी म्हटलं, सर, तुम्हाला काहीच वाटत नाही?

"वाटतं ना. ही खिडकी मला फार आवडते," सर म्हणाले. "पण मावशींना जागा विकता आली नसती, तर ती त्यांची होती असं कसं म्हणायचं?"

 मला ते पटलं नाही, तरी खाली येऊन मी मावशींचे कागद करायला घेतले.

कागद नोंदवायला अंधेरीच्या निबंधक कार्यालयात गेलो, तेव्हा साक्षीदार म्हणून मावशींनी सरांनाच आणलं होतं. सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मावशींनी अंगठा उठवला आणि जागेकडे शेवटचं बघावं तसं त्या कागदाकडे बघत राहिल्या. कारकुनाने शाईचा डाग टिपला आणि वर न बघताच सरांना नाव, पत्ता, वय विचारलं. मग, त्याला सगळ्यांनाच विचारायची सवय असावी, म्हणाला, "तुमचा या जागेशी काय संबंध?"

सर ताठ उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

"काडीचाही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.